बंदूक, दुर्बीण आणि भरतपूरच्या म्हशी

एकोणिसाव्या शतकातले भारतीय पक्षिशास्त्र हे मुख्यतः मेलेल्या पक्ष्यांचे शास्त्र होते. पक्षी बंदुकीने टिपायचा, कातडे सोलून आत कापूस भरायचा, पायाला स्थळ-तारखेची चिठ्ठी बांधायची आणि मग जात, उपजात ठरवायची, अशी रीत होती. सनदी अधिकारी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचा सिमल्यातला असा साठा १८८५ मध्ये लंडनला गेला, तेव्हा त्यात कातडी आणि अंडी मिळून ऐंशी हजारांच्या घरात नमुने होते. जातींची ओळख पक्की झाली ती अशा साठ्यांमुळेच. पण जिवंत पक्षी दिवसभर काय करतो, हे कपाटातून कळण्याजोगे नव्हते.

सालिम अली (१८९६–१९८७) याच रीतीत वाढले. मुंबईतल्या लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि चिटणीस मिलार्ड यांनी त्यांना संग्रहाची कपाटे उघडून दाखवली, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. पुढची वाट तितकी सोपी नव्हती. ब्रह्मदेशातला खाणीचा आणि लाकडाचा कौटुंबिक धंदा बुडाला. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातली जागा हुकली. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये १९२६ मध्ये मार्गदर्शक-व्याख्यात्याची नोकरी लागली. तिथून रजा घेऊन ते १९२८ मध्ये बर्लिनला एर्विन स्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. जिवंत पक्ष्याचा अभ्यास हेच पक्षिशास्त्राचे खरे काम, असे मानणाऱ्यांपैकी स्ट्रेझेमान हे एक प्रमुख नाव. १९३० मध्ये अली परतले, तेव्हा पैशांअभावी म्युझियममधली ती जागाच रद्द झाली होती.

या बेकारीतून भारतीय पक्षिशास्त्राला एक महत्त्वाचा निबंध मिळाला. अलिबागजवळ किहीमला राहताना अलींनी पावसाळ्यात सुगरण पक्ष्यांची वसाहत सतत नजरेखाली ठेवली. खोप्याचे श्रेय लोककल्पना मादीला देते; प्रत्यक्षात विणकाम नराचे. नर खोपा अर्धवट विणून थांबतो. माद्या येऊन ते काम तपासतात. एखादीला ते पसंत पडले, तर नर लांब नळीसारखे दार जोडून खोपा पुरा करतो. ती अंड्यांवर बसली की तो जवळच दुसरा खोपा सुरू करून दुसऱ्या मादीला बोलावतो. नापसंत खोपे तसेच लोंबकळत राहतात. सुगरणीच्या वसाहतीत इतके अर्धवट खोपे का दिसतात, याचा उलगडा त्यातून झाला. या कामाला बंदूक लागली नाही, वेळ मात्र भरपूर लागला.

तरीही अलींनी बंदूक टाकली नव्हती. संस्थानाने फक्त खर्च द्यावा, आपण वेतन घेणार नाही, या अटीवर त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशी सर्वेक्षणे केली. त्यात नमुनेही गोळा झाले आणि अधिवास, खाद्य, विणीचा हंगाम यांच्या नोंदीही. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ (१९४१) आणि डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेले दहा खंडांचे ‘हँडबुक’ (१९६८–७४) या दोन्ही कामांमागे हीच शिदोरी आहे.

पायात कडी अडकवून स्थलांतराचा माग काढण्याचे मोठे काम मात्र एका रोगामुळे उभे राहिले. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाचा ताप आढळला. त्याचा विषाणू रशियातल्या एका विषाणूशी जवळचा निघाला. गोचिडांमार्फत तो पक्ष्यांनी आणला की काय, या शंकेपोटी जागतिक आरोग्य संघटनेने सोसायटीच्या या कामाला पैसा दिला. शंकेला बळ मिळाले नाही, पण पक्ष्यांच्या वाटा कळू लागल्या. पक्षी न दुखावता पकडण्याचे कौशल्य बिहारच्या मीरशिकारांचे होते. पिढ्यान्‌पिढ्या फासेपारध करणारी ही माणसे नसती, तर हा प्रकल्प अवघड गेला असता. त्यांची नावे क्वचितच छापली जातात.

या कामाचे एक मोठे केंद्र भरतपूर होते. तिथल्या पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले, असे तिथल्या शिलालेखावर कोरले आहे. स्वातंत्र्यानंतर तळे आटवून शेती करण्याची मागणी झाली. अलींनी नेहरूंपर्यंत जाऊन ती रोखण्यासाठी प्रयत्न केले. १९८२ मध्ये या पाणथळीचे केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाले आणि तिथली म्हशींची चराई बंद झाली. अलींचाही या बंदीला पाठिंबा होता. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात काहींचा जीव गेला.

बंदीमागे तर्क होता, पण मोजमाप नव्हते. ते सोसायटीच्याच व्ही. एस. विजयन यांच्या चमूने १९८० च्या दशकात केले. म्हशी हटल्यावर पाण्यात पास्पालम गवत माजले, मोकळे पाणी आक्रसले आणि बदकांना जागा उरेना. त्याआधी ते गवत म्हशीच खाऊन आटोक्यात ठेवत होत्या. चराईने पाणथळीचे नुकसान होते हा समज अलींच्याच संस्थेच्या अभ्यासाने खोटा ठरवला. अंतिम अहवाल आला तेव्हा अली हयात नव्हते.