खोडलेलं आडनाव : १९३९ची नोंदवही आणि रेशनचं पुस्तक

मंडळी, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. रेशनकार्डात कधीपासून शिरलात?" मी त्याला म्हटलं, बाबा रे, आज दिसणारा माणूस कालचाच आहे हे कशावरून ठरवायचं, हा प्रश्न मी वर्गात आयुष्यभर शिकवला. हाच प्रश्न वाण्याच्या दुकानात, दोन औंस लोणी घेताना कसा सोडवला गेला ते मला बघायचंय.

तर जाऊ या इंग्लंडात. ३ सप्टेंबर १९३९ला युद्ध जाहीर झालं आणि दोनच दिवसांत राष्ट्रीय नोंदणीचा कायदा मंजूर झाला. २९ सप्टेंबरच्या रात्री घरात कोण कोण आहे ते फॉर्मवर लिहायचं होतं. पुढच्या दोन-तीन दिवसांत गणक येई, फॉर्म तपासे आणि तिथेच, दारात उभं राहून, प्रत्येकाचं ओळखपत्र लिहून देई. असे ६५,००० गणक होते आणि इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ४ कोटी माणसं नोंदली गेली. नाव, पत्ता, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, आणि धंदा. सैन्यात आधीच दाखल झालेले मात्र यात नाहीत. घरातला एखादा तरुण या वहीत सापडला नाही, तर त्याचं आधी हे कारण बघावं.

वंशावळी शोधणाऱ्यांना ही वही इतकी मोलाची का? १९३१च्या जनगणनेचे कागद डिसेंबर १९४२मध्ये आगीत जळाले. बॉम्बने नव्हे बरं का, साध्या आगीने. आणि १९४१ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. म्हणजे १९२१ ते १९५१ या तीस वर्षांच्या अंधारात हा एकच कंदील.

पण कंदील पेटता राहिला तो रेशनमुळे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, असाच एक प्रयत्न झाला होता. लोकांनी एकदा नोंद केली आणि विसरून गेले. घर बदललं, नाव बदललं, सांगतंय कोण? सांगून मिळणार काय? हा धडा सिल्व्हेनस व्हिव्हियन या रजिस्ट्रार जनरलने नीट गिरवला होता. नोंदणीला जिवंत ठेवायचं तर ती लोकांना रोज लागणाऱ्या गोष्टीला बांधली पाहिजे. बांडगूळ झाडावर जगतं तशी. ८ जानेवारी १९४०ला बेकन, लोणी आणि साखर रेशनवर आली. रेशनचं पुस्तक ओळखपत्राशी जोडलेलं. आता नाव बदललं की माणूस आपल्या पायांनी कचेरीत जाऊ लागला. देशभक्तीपेक्षा साखर खरी!

आता नावाचा कायदा बघा, इथे खरी गंमत आहे. इंग्लंडच्या रूढ कायद्यात नाव हे वापराने ठरतं. उद्यापासून मी स्वतःला अमुक म्हणवतो, लोकही म्हणू लागतात, झालं माझं नाव. फसवायचा हेतू नसला म्हणजे पुरे. कागद करायची सक्तीच नाही. खुद्द राजाने १७ जुलै १९१७ला आपल्या घराण्याचं जर्मन नाव टाकून विंडसर हे नाव घेतलं आणि बॅटनबर्गचे माउंटबॅटन झाले, ज्यांच्यातला एक पुढे आपल्याकडे शेवटचा व्हाइसरॉय म्हणून आला. पण ही सवलत सगळ्यांना नव्हती. १९१९च्या कायद्याने परकीय नागरिकाला परवानगीशिवाय नाव बदलायची बंदी केली आणि ती १९७१पर्यंत टिकली.

१९३९च्या अखेरीस युद्धकालीन नियम आला. ब्रिटिश प्रजाजनालाही नाव बदलायचं असेल तर एकवीस दिवस आधी गॅझेटमध्ये सूचना छापावी लागे. जुनं नाव, नवं नाव, पत्ता. शतकानुशतकं जी खासगी बाब होती ती चारचौघांत आली.

आणि यात कोण सापडलं? मी इथे थोडा रेंगाळणार आहे. १९३७च्या सुधारणेपर्यंत इंग्लंडमध्ये घटस्फोटाला जवळजवळ एकच कारण चालायचं, व्यभिचार. आणि तो कोर्टात सिद्ध करायचा. खर्च वेगळाच. त्यामुळे मोडलेली लग्नं कागदावर तशीच राहत आणि माणसं दुसऱ्याबरोबर संसार मांडत. शेजारी तिला 'मिसेस अमुक' म्हणत, मुलांनाही तेच आडनाव. सगळं सुरळीत. मग गणक दारात येतो आणि विचारतो, बाई, नाव काय? खरं सांगावं तर ओळखपत्रावर, रेशनच्या पुस्तकावर पहिल्या नवऱ्याचं नाव येणार आणि ते वाण्याला, शेजारणीला दिसणार. खोटं सांगावं तर गुन्हा. आणि रीतसर नाव बदलावं तर गॅझेटात पत्त्यासकट छापून यायचं. आज ती सूचना सापडली की शोधणारा नातू खूश होतो. त्या बाईला ती छापताना काय वाटलं असेल, हे त्या चार ओळींत कुठेच नाही. तिची अब्रू हा आपला पुरावा आहे, एवढं भान ठेवून ते पान उघडावं.

परकीयांची तऱ्हा उलटी. नाझींपासून पळून आलेल्या जर्मन-ऑस्ट्रियन ज्यूंना नाव बदलायला कायद्याने बंदी. पण त्यांच्यातले जे ब्रिटिश सैन्यात गेले त्यांना सैन्यानेच इंग्रजी नावं घ्यायला सांगितलं. शत्रूच्या हाती पडले तर जुनं नाव म्हणजे मरणच. दहाव्या कमांडोच्या तिसऱ्या तुकडीत तर नवं नाव आणि त्याला जुळेल अशी कहाणीही पाठ करावी लागे.

आता वही प्रत्यक्ष कशी वाचायची? १९४८ला राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा हीच वही तिची मूळ यादी म्हणून वापरली गेली आणि १९९१पर्यंत कारकून तीत दुरुस्त्या करत राहिले. बाईचं लग्न झालं की माहेरच्या आडनावावर एक रेघ आणि वर नवं आडनाव, बहुधा लाल किंवा हिरव्या शाईत. इथेच लोक फसतात. वर 'ब्राऊन' दिसतं म्हणून ती १९३९ला मिसेस ब्राऊन होती असं नाही. लग्न १९६२चंही असू शकेल. बाजूचा 'अविवाहित' हा रकाना मूळचा, तो बघा. शेजारी तारीख असली तर ती कारकुनाने नोंद केल्याची, लग्नाची नव्हे. आणि नावाने काहीच सापडेना, तर जन्मतारखेने शोधा. नाव बदलतं, तारीख सहसा बदलत नाही. ओळींवर काळी पट्टी दिसली तर ती व्यक्ती जन्मून शंभर वर्षं झालेली नाहीत आणि मृत्यूची नोंदही जुळलेली नाही.

फ्रेगे नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १८९२ साली विचारलं होतं, पहाटेचा तारा आणि सांजेचा तारा एकच, हे कळणं म्हणजे नेमकं काय कळणं? दोन्ही नावं शुक्राचीच. पण ती एकाचीच आहेत ही माहिती कुठल्याच एका नावात नाही. ती त्या रेघेत आहे. कारकुनाने खोडलं, पण खरवडून काढलं नाही; म्हणून खालचं वाचता येतं.

मुंबईतही मे १९४३मध्ये रेशन आलं. माझ्या आईचं लग्न त्यानंतरचं. लग्नात ताटातल्या तांदळात बोटाने नवं नाव लिहिलं गेलं. आडनावच नव्हे, पाळण्यातलं नावही गेलं. आमच्या घरच्या पुढच्या सगळ्या रेशनकार्डांवर, मतदार यादीत, पासबुकात सासरचं नाव. खाली खोडलेलं काहीच नाही, कारण वर लिहिण्याऐवजी दरवेळी नवा कागद. तिच्या माहेरच्या नावाचा एकच कागद माझ्याकडे आहे, चौथीचा शाळा सोडल्याचा दाखला. ती गेल्यावर ट्रंकेत, साडीच्या घडीत सापडला. वडिलांना तो तिथे आहे हे ठाऊक नव्हतं.