सूर शाबूत, शब्द गायब

गेल्या रविवारी घरी फोन केला, तो आजोबांनी उचलला. त्यांना पार्किन्सन्स आहे. आवाज खोल गेलाय, एकेक शब्द यायला वेळ लागतो. मी सवयीप्रमाणे त्यांचं वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकलं. पलीकडे शांतता. मग हळूच म्हणाले, "हे नव्हतं म्हणायचं मला." फार ओशाळल्यासारखं झालं हो!

त्यावरून मॉरिस रावेल आठवला. 'बोलेरो'वाला फ्रेंच संगीतकार. एकच धून पुन्हा पुन्हा वाजत चढत जाते ती रचना, १९२८ सालची. साधारण त्याच सुमारास त्याच्या लिहिण्यात चुका व्हायला लागल्या होत्या. ऑक्टोबर १९३२ मध्ये पॅरिसला त्याच्या टॅक्सीला अपघात झाला आणि दुखणं झपाट्याने वाढलं. १९३३ च्या उन्हाळ्यात हा पट्टीचा पोहणारा समुद्रात उतरला, तर हातपाय कसे मारायचे तेच जमेना! पुढे साधं पत्र लिहिणंही मुश्कील झालं. गंमत म्हणजे लकवा कुठेच नव्हता.

मेंदूचे डॉक्टर तेओफिल आलाजुआनिन यांनी त्याला तपासलं आणि १९४८ मध्ये ते 'ब्रेन' या नियतकालिकात मांडलं. रावेलला सुरांची नावं सांगता येत नव्हती, नोटेशन वाचून वाजवता येत नव्हतं. पण त्याच्याच रचनेत कुणी एक सूर चुकवला की लगेच कळायचं. पियानो बेसूर झालाय हेही कळायचं. स्मरणशक्ती, रसिकता, विवेक सगळं जागेवर. 'ज्यान दार्क' नावाचा ऑपेरा डोक्यात घोळत होता, कागदावर मात्र कधीच उतरला नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर डेटा शाबूत, आउटपुट ठप्प. (उपमा ढोबळ आहे, कारण वाचनही बिघडलं होतं. असो.)

१७ डिसेंबर १९३७ ला क्लोव्हिस व्हँसाँ या सर्जनने ट्यूमरच्या शंकेने त्याची कवटी उघडली. ट्यूमर नव्हताच. २८ डिसेंबरला रावेल गेला, वय ६२. शवविच्छेदन झालं नाही, त्यामुळे निदानावर डॉक्टरमंडळी आजही वाद घालतात. बरेच जण म्हणतात की मेंदूचा एक भाग हळूहळू झिजत जाऊन आधी भाषा आणि हालचाली हिरावून घेणारा तो आजार असावा.

आजोबांचा आजार वेगळा आहे, मला ठाऊक आहे. त्यांचं अडतं ते मुख्यतः उच्चारापाशी. पण आपली चूक दोन्हीकडे तीच. माणूस बोलायचा थांबला की आपण परस्पर ठरवून टाकतो, आत आता काही उरलं नाही.

काल परत फोन केला. या वेळी गप्प बसलो. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग शब्द आले, "तिकडे... पाऊस... आहे का?"

आहे म्हटलं, आजोबा. सकाळपासून लागलाय.