वाटा आणि अधिकार

सरकारने जंगल राखायचे आणि गावाने चोरून तोडायचे, हा खेळ पश्चिम बंगालमधील आराबारीत १९७२च्या सुमारास थांबला. वनाधिकारी अजितकुमार बॅनर्जी यांनी राखणीच्या बदल्यात गावकऱ्यांना उत्पन्नाचा चौथाई वाटा देऊ केला आणि सालवन पुन्हा उभे राहिले. १९९० साली केंद्राने देशभर हीच वाट दाखवली. गाव भागीदार झाले खरे, पण किल्ल्या वनखात्याच्याच कमरेला राहिल्या.

गडचिरोलीतील मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना खात्याकडेच होता. २७ एप्रिल २०११ रोजी परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा कुठे हक्काला अर्थ आला. संयुक्त व्यवस्थापन म्हणताना सही कोणाची, हे आधी विचारावे.