मुक्काम पोस्ट चिमनी रॉक

तंबू की आरव्ही? लाँग वीकेंड जवळ आला की आमच्या ग्रुपमध्ये हा वाद हमखास पेटतो. तंबूवाले म्हणतात, आरव्हीत झोपायचं तर घरीच झोपा की! आरव्हीवाले म्हणतात, पाठीची वाट लावून निसर्ग बघायची आम्हाला हौस नाही. यावेळी ठिकाण ठरलं होतं नेब्रास्काचा पश्चिम कोपरा: चिमनी रॉक, स्कॉट्स ब्लफ आणि आजूबाजूचा गवताळ प्रदेश. डेन्व्हरहून साधारण दोनशे मैल. जागा शोधायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

शोधायला बसलो कॅम्पग्राउंड आणि जाऊन पोचलो १८४९ सालात. (हे माझं नेहमीचंच. बायको म्हणते, तुला दूध आणायला पाठवलं तर तू गाईचा इतिहास घेऊन येशील.) पण यावेळी जे सापडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. म्हणून हा लेख.

तर मंडळी, आज आपण कॅम्पग्राउंड निवडताना काय बघतो? पाणी आहे का, वीज तीस अँपची की पन्नास, सीवर हुकअप किंवा निदान डंप स्टेशन आहे का, सावली आहे का, आणि लोकांनी किती तारे दिलेत. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी याच वाटेने जाणाऱ्यांची यादी फक्त तीन शब्दांची होती. पाणी, गवत, लाकूड.

ही वाट म्हणजे ओरेगॉन ट्रेल. मिझुरी नदीपासून ओरेगॉनपर्यंत साधारण दोन हजार मैल. कॅलिफोर्नियाला सोन्यासाठी जाणारे आणि सॉल्ट लेकला जाणारे मॉर्मन लोकही इथल्या भागात प्लॅट नदीच्या काठाकाठानेच जात. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते १८६९ साली रेल्वे आरपार जाईपर्यंत तीन-चार लाख माणसं अशी गेली असावीत असा अंदाज आहे.

आणि गंमत म्हणजे आमच्या ग्रुपच्या वादाचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं: दोन्ही! वॅगनची पेटी जेमतेम चार फूट रुंद आणि दहा-बारा फूट लांब. ती पीठ, बेकन, कॉफी, अवजारं यांनीच गच्च भरलेली. त्यामुळे धडधाकट माणसं दिवसभर बैलांच्या बाजूने चालायची आणि रात्री तंबूत, नाहीतर सरळ वॅगनखाली पथारी पसरायची. दिवसाला बारा ते वीस मैल. म्हणजे आपण आज गाडीने तीन तासांत जे अंतर काटतो त्याला त्यांचे दहा-पंधरा दिवस जायचे, आणि रोज संध्याकाळी एक नवा मुक्काम शोधायचा.

निघायची वेळसुद्धा गवत ठरवायचं. एप्रिलच्या आधी निघालं तर बैलांना चारा नाही. फार उशिरा निघालं तर पुढच्यांच्या जनावरांनी गवत फस्त केलेलं आणि शेवटी डोंगरात बर्फ. लाकडाची तर बोंबच. प्लॅटच्या काठी तेव्हा मैलोनमैल झाड नव्हतं. मग जळण काय? रानरेड्यांचं वाळलेलं शेण, म्हणजे बफेलो चिप्स. ईस्टकडून आलेल्या बायका आधी नाकं मुरडायच्या, चार दिवसांत ॲप्रनमध्ये गोळा करायला लागायच्या. आपल्या आजीला यात काहीच नवल वाटलं नसतं. गोवऱ्या त्या गोवऱ्याच!

वॅगन्स गोल करून उभ्या करायच्या हे सिनेमात आपण पाहिलंय. आत बायका-पोरं, बाहेर घोड्यांवरून बाण मारणारे इंडियन. प्रत्यक्षात तो गोल मुख्यतः गुरांचा कोंडवाडा होता. रात्री बैल पळाले की प्रवास संपला. जॉन अनरु या इतिहासकाराने रोजनिशा आणि वर्तमानपत्रं चाळून हिशोब मांडला. १८४० ते १८६० या काळात मूळ रहिवाशांनी मारलेले प्रवासी ३६२, आणि प्रवाशांनी मारलेले मूळ रहिवासी ४२६. वाटेवर मेलेल्यांचा एकूण अंदाज मात्र वीस हजारांच्या घरात जातो. मग बाकीच्यांना मारलं कोणी?

सांगतो. त्याआधी या वाटेवरचं एक भन्नाट पुस्तक. १८४७ साली मॉर्मनांच्या पहिल्या तुकडीत विल्यम क्लेटन नावाचा एक कारकून होता. रोज किती मैल झाले यावर इतर लोक नुसते अंदाज ठोकतात याचा त्याला वैताग आला. त्याने वॅगनच्या चाकाचा घेर मोजला. ३६० फेरे म्हणजे एक मैल. चाकाला लाल फडकं बांधलं आणि दिवसभर बाजूने चालत फेरे मोजले! काही दिवसांनी कंटाळून (आपण असतो तर पहिल्या तासाला कंटाळलो असतो) त्याने सोबतच्या लोकांकडून लाकडी दात्यांची चक्रं बसवून घेतली. चाक फिरेल तसे मैल आपोआप मोजले जायला लागले. ऑटोमेशनची प्रेरणा तेव्हाही तीच होती. या आकड्यांवरून त्याने १८४८ साली छोटी मार्गदर्शिका छापली: इथून तिथे इतके मैल, इथे ओढा आहे, इथे लाकूड नाही, इथे मुक्कामाला जागा चांगली. कॅम्पग्राउंड गाइडच ते.

आता गोम इथे आहे. चांगली जागा एकदा चांगली ठरली की सगळे तिथेच उतरणार. १८५० च्या एका उन्हाळ्यात सुमारे पन्नास हजार माणसं आणि त्याहून जास्त गुरं त्याच वाटेवरून, त्याच मुक्कामांवरून गेली. संडास नावाचा प्रकार नाही. प्लॅटचं पाणी गढूळ, म्हणून काठावर वाळूत दोन-चार फूट खड्डा करायचा आणि त्यात झिरपलेलं नितळ पाणी प्यायचं. काल उतरलेल्यांनी ज्या जागी घाण केली तिथून हाकेच्या अंतरावर आजच्यांचा पाण्याचा खड्डा. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला बरं. आणि त्यात कॉलरा.

कॉलरा म्हणजे आपली पटकी. ‘आपली’ हा शब्द दुर्दैवाने अगदी शब्दशः खरा आहे. १८१७ साली बंगालमधून ही साथ जगभर निघाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात, इकडे खडकीची लढाई होत असताना, पेंढाऱ्यांच्या मोहिमेवर निघालेली लॉर्ड हेस्टिंग्जची फौज बुंदेलखंडात तळ ठोकून होती. त्या तळावर पटकी घुसली आणि हजारो माणसं गेली. शेवटी हेस्टिंग्जने तळ हलवला, बेतवा नदीच्या काठी एरिचला नेला, आणि साथ ओसरली. का ओसरली हे त्यालाही कळलं नसणार. हवा बदलली असंच तेव्हा लोक म्हणत. नंतरच्या एका साथीत हा रोग जहाजांतून १८४८ च्या अखेरीला न्यू ऑर्लिन्सला उतरला, आगबोटींतून मिसिसिपी आणि मिझुरी नद्यांवरून वर सरकला आणि १८४९ च्या वसंतात नेमका तिथे पोचला, जिथे हजारो लोक वॅगन्स भरत होते.

प्लॅटच्या काठी सकाळी बैल जुंपणारा माणूस संध्याकाळी पुरला जायचा. उपाय काय, तर अफूचा अर्क. बाकीचे घाबरून तळ सोडून पुढे पळायचे आणि रोगही सोबत न्यायचे. मागून येणारी तुकडी त्याच रिकाम्या, ‘चांगल्या’ जागी उतरायची. फोर्ट लॅरामीच्या पुढे, उंचावर, साथ विरळ व्हायची.

या वाटेवरचा फाइव्ह स्टार मुक्काम म्हणजे ॲश हॉलो. उंच कड्यावरून वॅगन दोर लावून उतरवायची आणि खाली समोर झाडं आणि झऱ्याचं गोड पाणी! कित्येक आठवडे गढूळ पाणी प्यायलेल्यांना तो स्वर्गच वाटायचा. तिथे रेचल पॅटिसन नावाच्या मुलीची कबर आहे. वय अठरा, त्याच वसंतात लग्न झालेलं. १९ जून १८४९ ला कॉलऱ्याने गेली. नवऱ्याने कोरलेला दगड अजून जपून ठेवलाय.

त्याच उन्हाळ्यात सरकारी सर्वेक्षणासाठी निघालेला कॅप्टन हॉवर्ड स्टॅन्सबरी या भागातून गेला. नदीच्या पलीकडे त्याला लाकोटा लोकांचे पाच तंबू दिसले. एकदम शांत. आत सगळे मेलेले. एका वेगळ्या तंबूत सोळा-अठरा वर्षांची एक मुलगी होती, उत्तम कपडे घातलेली, रानरेड्याच्या कातड्यांत नीट गुंडाळून ठेवलेली. नदीच्या एका काठाला रेचल, दुसऱ्या काठाला ही. रोग तोच. फरक एवढाच की रेचल या वाटेवर स्वतः निघाली होती. ही आपल्याच घरी होती. लाकोटांच्या काही विंटर काउंटमध्ये, म्हणजे दरवर्षासाठी एक चित्र अशा त्यांच्या बखरीत, ते वर्ष पोटात पेटके येऊन मेलेल्यांचं वर्ष म्हणून नोंदलेलं आहे.

कारण पाणी-गवत-लाकूड ही यादी काही वॅगनवाल्यांनी शोधलेली नव्हती. त्या चांगल्या जागा आधीपासून कोणाच्या तरी मुक्कामाच्या होत्या. १८५१ च्या सप्टेंबरात मैदानी टोळ्यांशी करार करायला सरकारने फोर्ट लॅरामीला सभा बोलावली. सुमारे दहा हजार लोक आले आणि त्यांचे हजारो घोडे. किल्ल्याभोवतीचं गवत पुरेना! मग अख्खी सभा उचलून पस्तीसेक मैल खाली, आजच्या नेब्रास्कातल्या हॉर्स क्रीकवर नेली. करार झाला: वाट मोकळी ठेवा, सरकार वर्षाला पन्नास हजार डॉलरचा माल देईल, पन्नास वर्षं. सिनेटने पन्नासाची दहा करून टाकली. पुढे १८५४ मध्ये एका मॉर्मन प्रवाशाची गाय एका लाकोटाने मारली. टोळीचा प्रमुख कॉन्करिंग बेअर भरपाई द्यायला तयार होता, पण लेफ्टनंट ग्रॅटन तोफा घेऊन गेला. कॉन्करिंग बेअर मेला, आणि ग्रॅटन आणि त्याचे २९ सैनिकही. पुढच्या वर्षी सप्टेंबरात जनरल हार्नीने सूड म्हणून ॲश हॉलोजवळच ब्लू वॉटर ओढ्यावरच्या लिटल थंडरच्या तळावर हल्ला केला. ८६ माणसं मारली, त्यात बायका-मुलंही होती, आणि सत्तरेक बायका-मुलं कैद केली. एका गायीवरून!

असो. आपण मुक्कामाची जागा शोधत होतो.

१८५४ मध्येच लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो याने ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं प्रकरण उघड केलं: रोग हवेत नाही, पाण्यात आहे. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कोलकात्यात तो जंतू पक्का ओळखला. आणि १९५९ मध्ये त्याच शहरात शंभूनाथ डे यांनी त्याचं विष कसं काम करतं ते दाखवलं. आज आरव्हीत तीन टाक्या असतात: पिण्याच्या पाण्याची, धुण्या-भांड्यांच्या पाण्याची आणि संडासाची. डंप स्टेशनवर लिहिलेलं असतं की हे पाणी पिऊ नका. तंबूवाल्यांना सांगतात की रानात जायची वेळ आली तर ओढ्यापासून दोनशे फूट लांब जा. आपल्याला ते नियम कटकटीचे वाटतात. पण प्लॅटच्या काठी हा दोनशे फुटांचा नियम कोणाला माहीत असता, तर कित्येक कबरी खोदाव्या लागल्या नसत्या.

आता कामाचं. चिमनी रॉकपाशी किंवा स्कॉट्स ब्लफ नॅशनल मॉन्युमेंटमध्ये मुक्काम करता येत नाही, दोन्ही दिवसा बघायची ठिकाणं. चिमनी रॉक पायथ्यापासून सुमारे सव्वातीनशे फूट उंच. प्रवाशांच्या रोजनिशांत सगळ्यात जास्त उल्लेख याचाच, कारण तो दोन-दोन दिवस आधीपासून दिसायचा. लोक वर चढून नावं कोरायचे, पण माती मऊ, सगळी नावं झडून गेली. आता चढायला बंदी आहे, आणि गवतात रॅटलस्नेक आहेत तेव्हा तसाही मोह नको. स्कॉट्स ब्लफवर मात्र १९३० च्या दशकात बांधलेल्या रस्त्याने, तीन बोगद्यांतून थेट माथ्यावर गाडी जाते.

आरव्ही असेल तर गेरिंग गावाचं स्वतःचं पार्क आहे, ब्लफच्या अगदी जवळ. तंबू असेल तर वाइल्डकॅट हिल्स, पाइनच्या झाडांत, सोयी कमी आणि आकाश जास्त. पाणी हवं असेल तर लेक मिनाटेर. मैदानावर वारा आणि उन्हाळी वादळ कधीही येतं, तेव्हा तंबूचे खुंटे नीट ठोका. नदीकाठची सावली आवडली तर लक्षात ठेवा, ती झाडं बहुतेक नंतरची आहेत. वणवे थांबले, धरणांनी पूर अडवले, मग काठ हिरवा झाला.

आणि स्कॉट्सब्लफ गावाच्या पूर्वेला, रेल्वेलाइनजवळ, एक कबर आहे ती बघा. रिबेका विंटर्स, वय पन्नास, ऑगस्ट १८५२, कॉलरा. दगड कोरायला वेळ नव्हता म्हणून सोबतच्या एकाने वॅगनच्या चाकाची लोखंडी धाव वाकवून त्यावर तिचं नाव कोरलं. १८९९ मध्ये रेल्वेची आखणी करणाऱ्यांना ती धाव दिसली आणि त्यांनी रूळ थोडे बाजूने नेले. १९९५ मध्ये कबर रुळांपासून आणखी सुरक्षित अंतरावर हलवली. त्या लोखंडामुळे तिचं नाव उरलं. नदीपलीकडच्या तंबूतल्या त्या मुलीचं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही.

आमचं बुकिंग झालंय. तंबू दोन, आरव्ही एक. टाकी रिकामी करायची ड्यूटी माझी आहे, आणि यावेळी मी कुरकुर करणार नाही.