मोहाची दारू

मोहाची दारू हे मोह (शास्त्रीय नाव मधुका लॉंगिफोलिया) या वृक्षाच्या फुलांपासून गाळले जाणारे मद्य आहे. मध्य व पश्चिम भारतातील अनेक आदिवासी समाजांत ते परंपरेने तयार होते. महाराष्ट्रात भिवंडी, वाडा, शहापूर, जव्हार, डहाणू हा जुन्या ठाणे जिल्ह्याचा पट्टा, तसेच खानदेश व पूर्व विदर्भ हे मोहाचे प्रदेश आहेत.

फुले व कृती

मोह साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये फुलतो. मांसल, गोड फुले पहाटे गळतात व सकाळी वेचली जातात. ती वाळवून साठवता येतात, त्यामुळे टंचाईच्या दिवसांत ती अन्न म्हणूनही उपयोगी पडतात. बियांपासून तेल निघते.

दारूसाठी वाळलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवतात. आंबलेले मिश्रण भट्टीवर मडक्यात तापवतात. वाफ नळीवाटे थंड भांड्यात उतरून तिचे द्रवात रूपांतर होते. प्रथम उतरणारा भाग सर्वांत तीव्र असतो. मराठीतील ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग दारू गाळण्याच्या याच रीतीवरून आला आहे.

सामाजिक स्थान

वारली व इतर आदिवासी समाजांत देव व पूर्वजांना दारूची धार वाहण्याची, तसेच लग्न व मर्तिकाच्या प्रसंगी ती देण्याची प्रथा आहे.

इतिहास

ब्रिटिश काळात मद्य हे महसुलाचे मोठे साधन बनले. सीमाशुल्क व अबकारी अधिकारी चार्ल्स प्रिचर्ड यांच्या पुढाकाराने १८७८ चा मुंबई अबकारी कायदा झाला. त्याने गावोगावच्या भट्ट्यांऐवजी परवानाधारक मोठ्या कारखान्यांना चालना दिली. उरण येथे पारशी मालकांचे मोहाची दारू गाळण्याचे अनेक कारखाने होते. चोरटी गाळप थांबवण्यासाठी १८९२ च्या मोहफूल कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत खुद्द फुले बाळगण्यावरच निर्बंध आणले. परिणामी, दारू न गाळणाऱ्यांच्याही घरातील खाद्य संशयास्पद ठरले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी दक्षिण गुजरातच्या संदर्भात, परंपरेचे गुन्ह्यात झालेले हे रूपांतर अभ्यासले आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवरील नियंत्रण कायम राहिले. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने फुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध उठवले. विनापरवाना दारू गाळणे मात्र आजही गुन्हा आहे.

अन्य मद्यांशी तुलना

अमेरिकेतील बर्बन व्हिस्कीचा उगमही शेतकऱ्यांच्या लहान भट्ट्यांत, मुख्यतः मक्यापासून झाला. १९६४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिला देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून मान्यता दिली. केंटकी राज्यातील तिचे कारखाने आज पर्यटनस्थळे आहेत. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्याने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. काजूच्या हंगामात, फेब्रुवारी ते मे या काळात, तेथील काही भट्ट्या पर्यटकांना पाहता येतात.

सद्यस्थिती

मध्य प्रदेश शासनाने मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता देऊन तिचे उत्पादन आदिवासी बचत गटांकडे सोपवण्याचे धोरण स्वीकारले. डेस्मंड नाझरेथ यांनी २०१८ मध्ये गोव्यात बाटलीबंद मोहाचे मद्य बाजारात आणले. डहाणू येथील एका मद्यनिर्मिती कंपनीनेही असे उत्पादन सुरू केले आहे. परवानाधारक कारखान्यांना खुला झालेला हा बाजार महाराष्ट्रातील घरगुती भट्टीला अद्याप बंद आहे. त्यामुळे मोहफुले वेचणाऱ्या कुटुंबांना या उद्योगात कोणता वाटा मिळणार, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.