नाशकातील एक पायी फेरी

नाशिक पाहावयाचे तर ते पायीच पाहावे, असे आमचे वडील नेहमी सांगत. वाहनातून जाणारास देवळे दिसतात, पण ती ज्या टेकांवर आणि ज्या गल्ल्यांत उभी आहेत तेथला चढउतार त्याच्या पायांस कळत नाही. गेल्या मार्गशीर्षात ज्ञातिसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सहकुटुंब, म्हणजे मंडळी, चिरंजीव, सूनबाई व दोन नातवंडे यांसह, सकाळी सातलाच बाहेर पडलो. स्मरणिकेच्या संपादकांनी त्या दिवसाची हकीकत मागितली, ती येथे देत आहोत.

प्रारंभ जुन्या गढीपासून केला. गोदाकाठच्या या मातीच्या टेकाडात डॉ. सांकलिया व डॉ. देव यांनी १९५०-५१ साली उत्खनन केले आणि सातवाहनांच्याही पूर्वी येथे मनुष्यवस्ती होती, हे थरांवरून दाखवून दिले. नऊ टेकांवर वसले म्हणून नाशिक, अशी जी एक व्युत्पत्ती सांगतात, ती खरी असो वा नसो, चालणाराच्या गुडघ्यांना मात्र ती तत्काळ पटते. आज गढीवर घरे आहेत व पावसाळ्यात तिची कड ढासळते. जो इतिहास मातीतच लिहिलेला आहे, तो असा दरसाल थोडाथोडा नदीत जातो.

तेथून सराफ बाजाराने सरकारवाड्यापाशी आलो. मोगलांच्या काळी या शहराचे नाव गुलशनाबाद होते. पेशवाईत नाशिक हे नाव पुन्हा रूढ झाले. वाड्याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु नातवंडांस नदी पाहावयाची घाई झाली होती.

नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पूर आला की नाशिककर विचारतात, पाणी मारुतीच्या कुठवर आले? गुडघ्यास, कमरेस की गळ्यास? यावरून दुकानदार माल हलवावयाचा की नाही ते ठरवितात. १९६९ व २००८ या दोन्ही पुरांच्या आठवणी काठावरची माणसे अजून सांगतात. पलीकडे नारोशंकराचे देऊळ आहे. राजेबहाद्दरांनी ते १७४७ साली बांधले. त्याची प्रसिद्ध घंटा पोर्तुगीज बनावटीची असून तिच्यावर १७२१ हा आकडा आहे. १७३९ च्या वसईच्या विजयाशी तिचा संबंध जोडतात. धाकट्या नातवास ती वाजवून पाहावयाची होती. त्याची समजूत घालण्यात पाव तास गेला.

मग काळाराम. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले हे देवालय रामशेजच्या काळ्या दगडाचे आहे. त्याचे शिखर, खांब व खर्च यांविषयी आमच्या स्मरणिकांतून पूर्वी लेख येऊन गेले आहेत. त्यांतील एक प्रस्तुत लेखकाचाच होता. त्या लेखात १९३० साल नव्हते.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुष मिरवणुकीने येथे आले. दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवशी सव्वाशे पुरुष व पंचवीस स्त्रिया यांची पहिली तुकडी चारही दरवाजांपुढे बसली. भाऊराव गायकवाड हे या लढ्याचे स्थानिक आधारस्तंभ होते. ९ एप्रिलला रथाचा दिवस होता. रथ ओढण्यात दोन्ही पक्षांनी भाग घ्यावा असे ठरले असताना तो ऐन वेळी पळविला गेला, आणि दगडफेक झाली. पुढे मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनीच भाऊरावांना पत्र लिहून सत्याग्रह थांबविण्यास कळविले, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यात येवल्यास हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला.

हे सर्व आम्ही पूर्वेच्या दरवाजापाशी उभे राहून नातवंडांस सांगत होतो. थोरली नात तेरा वर्षांची आहे. तिने विचारले, "आजोबा, तेव्हा आपले लोक दाराच्या कोणत्या बाजूला होते?"

आम्ही म्हणालो, "आतल्या."

आमचे आजोबा पंचवटीत दुकान करीत. दरवाजे बंद राहावेत म्हणून जमलेल्या मंडळींत ते होते, आणि "आम्ही देवळाची राखण केली" असे ते अभिमानाने सांगत. रथाच्या दिवशी ते कोठे होते, हे त्यांनी कधी सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही. ते प्रेमळ होते, सचोटीचे होते. आमचे शिक्षण त्यांच्याच कमाईवर झाले. मुलीने पुढे काही विचारले नाही. सूनबाई तिच्या मागे उभ्या होत्या, त्यांनीही नाही. आम्ही वहाणा काढून आत गेलो. दर्शनाला गर्दी बरीच होती, आणि कोणाची जात कोणी विचारीत नव्हते.

दुपारी पंचवटीतच जेवण केले. पांडवलेणी राहून गेली. मंडळींचे पाय दुखू लागले होते.

आता ज्ञातिबांधवांस एक विनंती. १९३० ते १९३४ या काळातील पत्रे, वह्या वा सभांची टिपणे ज्यांच्या घरी माळ्यावर पडून असतील, त्यांनी ती वा त्यांच्या नकला संस्थेच्या कचेरीत आणून द्याव्यात. आजोबांच्या दुकानाची त्या सालची रोजकीर्द आमच्यापाशी आहे. ९ एप्रिलच्या पानावर जमाखर्च काहीच नाही. ती वही आम्ही देत आहोत.