दट्ट्याची स्प्रिंग

मंडळी, आज जरा खेळाचा इतिहास. तोही एका वीतभर भागाचा.

बॅगाटेल तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी खेळलं असेल. उतरती लाकडी फळी, तिच्यावर ठोकलेले खिळे, आकड्यांचे कप्पे आणि उजव्या कडेला स्प्रिंगचा दट्ट्या. तो ओढून सोडला की छर्रा वर जातो आणि खिळ्यांना धडकत खाली येतो. काचेखाली दिवे लागणारं पिनबॉलचं यंत्र म्हणजे याच फळीचं पुढचं रूप.

मुळात या खेळात दट्ट्या नव्हताच. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बिलियर्ड्सपासून हा खेळ निघाला, तेव्हा चेंडू काठीने ढकलत. १८७१ साली अमेरिकेत सिनसिनाटीला स्थायिक झालेल्या माँटेग्यू रेडग्रेव्ह या इंग्रजाने स्प्रिंगच्या दट्ट्यासह सुधारित बॅगाटेलचं पेटंट घेतलं. १९३१ साली गॉटलिबचं 'बॅफल बॉल' आलं आणि नाणं टाकून खेळायची यंत्रं दुकानोदुकानी पोचली. चेंडू परत उडवणारे फ्लिपर आले ते थेट १९४७ साली. तोवर यंत्राला धक्के देणं सोडलं, तर खेळणाऱ्याच्या हाती होता फक्त दट्ट्या!

म्हणूनच प्रश्न उभा राहिला, हा खेळ की जुगार? न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांच्या काळात, १९४२ साली, तिथे पिनबॉलवर बंदी आली. पोलिसांनी यंत्रं घणाने फोडली. पुढे १९७६ साली रॉजर शार्प नावाच्या लेखकाने नगर परिषदेच्या लोकांसमोर यंत्र खेळून दाखवलं. चेंडू मधल्या वाटेने जाईल असं आधी सांगून त्याने दट्ट्या ओढला, आणि चेंडू तिथूनच गेला. बंदी उठली.

आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली, मुंबई राज्याच्या शब्दकोड्यांच्या स्पर्धांवरील खटल्यात, कौशल्य आणि नशीब यांत हाच फरक केला. वैनगंगेकाठी मार्कंड्याला महाशिवरात्रीची जत्रा भरते. अशा जत्रांत हा फरक कायदा न वाचताही कळतो. रिंग फेकताना माणूस नेम धरतो. आकड्यांची चक्री फिरताना नुसता हात जोडतो.

गेल्या महिन्यात आमच्या घरचं जुनं बॅगाटेल दुरुस्त करायला काढलं. दांडीला गंज चढला होता आणि स्प्रिंग बसून गेली होती. पॉलिश पेपरने दांडी घासली, भोकातली घाण काढली. नातू म्हणाला, "आजोबा, चांगली जोरकस स्प्रिंग घाला ना!" त्याला समजावलं, की बाबा, फार कडक स्प्रिंग घातली तर थोडं ओढलं काय नि पुरतं ओढलं काय, छर्रा वरच्या कडेलाच आपटणार. मऊ घातली तर वरच पोचणार नाही. जुनीच्याच जाडीची, तेवढ्याच लांबीची स्प्रिंग हवी. शिवाय दांडीचं टोक छर्‍याच्या बरोबर मध्यावर लागलं पाहिजे, नाहीतर तो वाकडा जातो.

जुनी वस्तू नुसती चालू झाली म्हणजे दुरुस्त झाली असं मला वाटत नाही. बोटभर ओढल्यावर छर्रा कुठवर जातो, हे खेळणाऱ्याला दहा-वीस डावांत शिकता आलं पाहिजे. ते शिकता येतं तोवर तो खेळ. ते गेलं, की त्याच फळीची चक्री होते.

तुमच्या माळ्यावर एखादं बॅगाटेल पडलं असेल तर काढून पाहा. आणि जमलं तर कळवा!